हो म्हणजे थांब

आकारामचं पत्र आलं तेव्हा तिकडे घाटमाथ्यावर भाताची रोपलावण संपत आली असावी, कारण पोस्टकार्डाच्या कोपऱ्यावर चिखलाचं एक बोट उमटलं होतं. पुढे कितीतरी दिवस सयाजी खाड्यांना त्या पत्राची आठवण झाली की आधी ते बोट आठवे, मग आकारामचं उताणं पडलेलं अक्षर, आणि सगळ्यात शेवटी हे आठवे की आपण त्याला उत्तरच पाठवलं नाही.

आकाराम म्हणजे त्यांच्या बायकोचा, बनाबाईंचा, धाकटा भाऊ. गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याची वस्ती. पावसाळ्यात तिकडचे फोन मुके होत, म्हणून तो अजून कार्डं लिही. पत्रात विचारलेलं फार नव्हतं.

'दाजींना दंडवत. आमी सेकंडहँड जीप घेतली. दुधाचे कॅन डेरीला घालाय बरी पडती. ग्यारेजवाला म्हणतोय मागं टुकटुक वाजणारं मशीन बसवून घ्या, रिव्हरस घेताना कळतंय. तुमच्या गाडीला हाय. ते कामाचं हाय का उगंच खुळ, तुमी सांगाल तसं करू. ताईला विचारलं तर म्हणाली, दाजींनाच विचार, ते वाचून सांगतील. ताई बरी हाय.'

सयाजी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल होते. कुणी काही विचारलं तर आपल्याला ते ठाऊक नाही असं धरून चालायचं, आणि पुस्तक काढून बघायचं, ही त्यांची रीत. टुकटुक वाजणाऱ्या यंत्राचं माहितीपत्रक त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी दोनदा वाचलेलं होतं. यंत्र स्वतःच्या गाडीला लावलेलंही होतं. उत्तर द्यायला अडचण नव्हती. अडचण शेवटच्या ओळीत होती. ताई बरी हाय. ताई तिकडे होती. भावाकडे रोपं लावायला माणसं नाहीत असं सांगून ती आदल्या पावसाळ्यात गेली होती. ते भात लावून झालं, कापून झालं, खाऊनही झालं, आता दुसरं लावून होत आलं होतं आणि ताई तिकडेच होती. साठी उलटलेल्या बाईला चिखलात वाकायला कोण बोलावतं, हे सयाजींनी तेव्हा विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं.

*

गाडीचं असं झालं, की शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला सयाजींनी एक जुनी मारुती घेतली. मंगळवार पेठेतली त्यांची गल्ली अरुंद आणि आंधळी. त्यांचं घर अगदी टोकाला. गाडी तोंडानं आत घातली की सकाळी उलटी बाहेर काढायची, नाहीतर रात्री उलटी आत आणायची; तिसरा मार्ग नाही. आणि सयाजींना सगळं जमे, मागं घेणं जमत नसे. ते मान वळवून बघत, मग आरशात बघत, मग पुन्हा मान वळवत, आणि दोन्हीकडे वेगवेगळं दिसलं की पाय ब्रेकवर ठेवून घामाघूम होऊन बसत.

"आता काय पोथी वाचताय काय आत बसून?" बनाबाई एकदा पदर खोचून बाहेर आल्या. "मी हाय की मागं. या."

तेव्हापासून त्या मागं उभ्या राहू लागल्या. एक हात वर, तळवा आपल्याकडे झुलवत. "येऊ द्या… येऊ द्या… जरा डावीकडं… आवो तुमचं डावं, माझं न्हवं… येऊ द्या… बास!" 'बास'बरोबर डिकीवर एक थाप. सगळी गल्ली त्या आवाजाला ओळखे. दूध घालणारे म्हशी घेऊन निघत, त्यांना त्या म्हणत, "थांब रं बाबा, आमचं विमान उतरतंय." पोरं हसत. सयाजी लाजत, पण त्या आवाजाच्या आधारानं गाडी अशी अलगद आत येई, की गाडी आपण चालवतो का ती, असा त्यांना प्रश्न पडे. ही गंमत म्हणून नाही, खरोखरच पडे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सयाजीसुद्धा शेतकऱ्याचेच. राधानगरीच्या वाटेवरच्या एका गावात औतामागं चालत लहानाचे मोठे झालेले. शहरात कॉलेजला आले तेव्हा मास्तरांनी हजेरीत काही विचारलं आणि ते "व्हय" म्हणाले. वर्ग हसला. पुढं वर्षभर पोरं त्यांना 'व्हय' म्हणूनच हाक मारत. त्यांनी मग तो शब्द जिभेवरून खरवडून काढला आणि तिथं 'हो' बसवला. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाय'चं 'नाही'. बनाबाई लग्न होऊन आल्या त्या मात्र तोंडात आपली भाषा घेऊन आल्या, आणि त्यांनी ती बदलली नाही. त्यांच्या तोंडात 'होकार' म्हणजे 'व्हय'च. 'हो' हा शब्द त्यांच्याकडे होता, पण तो माणसांसाठी नव्हता. तो बैलांसाठी होता. चालता बैल थांबवायचा तर कासरा ओढून म्हणायचं, "होऽऽ… होऽऽ." घाटमाथ्यावरच्या कुठल्याही बैलाला तो कळतो. सयाजींनाही कळत असे, एकेकाळी.

दोन हजार पाच सालच्या थंडीत, सकाळी, सयाजी गाडी गल्लीतून उलटी काढत होते. शेजारच्या अंबूबाई आपल्या पायरीवर उन्हाला तांदूळ निवडत बसलेल्या. अंबूबाई म्हणजे बनाबाईंची जिवाची मैत्रीण; दोघींचं तिखट एकत्र कुटायचं, लोणचं एकाच बरणीत. त्या दिवशी ऊन सरकलं म्हणून अंबूबाईंनी पाट पायरीवरून गल्लीत ओढला होता. बनाबाई "येऊ द्या, येऊ द्या" करत होत्या. अंबूबाई गाडी येतेय म्हणून उठायला गेल्या, सूप सावरायला गेल्या, आणि नऊवारीत पाय अडकून खाली बसल्या, चाकाच्या वाटेत.

बनाबाई घाबरल्या. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात शिकवलेला शब्द येत नाही, आधीचा येतो. 'बास' आलं नाही. त्या जीव खाऊन ओरडल्या,

"होऽऽ! होऽऽ! होऽऽ!"

आणि सयाजींनी ऐकलं, हो, हो, हो. या, या. त्यांना वाटलं आपण फारच भीत भीत येतोय म्हणून ही ओरडते. त्यांनी पाय दाबला.

आवाज फार मोठा झाला नाही. सुपातले तांदूळ सांडल्याचा झाला, आणि मग अंबूबाईंचा.

गल्ली गोळा झाली. कुणी रिक्षा आणायला पळालं. कुणीतरी, आवाज चढवूनच, म्हणालं, "काय वो सर, मागं बघून घ्यायचं का न्हाय? डोळं हाईत का बटनं?" सयाजी दार उघडून बाहेर आले होते, इतके चेहरे त्यांच्याकडे एकदम कधीच वळले नव्हते. आणि त्यांच्या तोंडून निघालं,

"ही हो म्हणाली."

तीन शब्द. खोटा त्यात एकही नव्हता. बनाबाई खाली बसून अंबूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन होत्या. त्यांनी वर बघितलं, नवऱ्याकडे, आणि पुन्हा खाली बघितलं.

अंबूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या वाचल्या, पण त्यानंतर वॉकरशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला नाही. त्यांच्या घरचे भांडले नाहीत. उलट सयाजींना म्हणाले, "तुमी तरी काय करनार सर, बाईमानसानं हो म्हणल्यावर." गल्लीतल्या बायका बनाबाईंशी बोलायच्या कमी झाल्या. आणि मग काही दिवसांनी, जसं होतं तसं, त्याचा विनोद झाला. कट्ट्यावरची पोरं बनाबाईंना बघून विचारू लागली, "काकू, हो म्हंजे यायचं का थांबायचं?"

कुणालाही सांगता आलं असतं, की बाबांनो, हो म्हणजे थांबच. सयाजी रोज रात्री ठरवत, की उद्या कट्ट्यावर जाऊन सांगायचं. मग त्यांना शंका येई. आपल्याला त्या क्षणी खरंच अर्थ आठवला नव्हता, की आठवून उशीर झाला होता? नक्की माहीत नसताना लोकांसमोर काय बोलायचं? असं ते स्वतःला विचारत आणि असंच विचारत हिवाळा गेला.

*

पुण्याहून लेक आली, क्रांती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, आता आईला मागं उभं करू नका. ह्यांनी आमच्या गाडीला सेन्सर लावलेत, तसेच आणलेत. बसवून घ्या."

ती चांगल्या मनानं म्हणाली. शिवाजी उद्यमनगरात पिराजी मिस्त्रीनं मागच्या बंपरला भोकं पाडून चार काळी बटणं बसवली, पुढं एक डबी चिकटवली आणि गाडी मागं घेऊन दाखवली. टुक… टुक… भिंत जवळ आली तसं टुकटुकटुक, आणि अगदी जवळ गेल्यावर अखंड टूऽऽ.

"झालं सर," पिराजी हात पुसत म्हणाला. "आता बायको नसली तरी चालतंय." आणि आपल्याच विनोदावर खदखदून हसला. सयाजीही हसले. हसायचं म्हणून हसले, ते त्यांना नंतर फार लागलं.

त्या दिवशी त्यांनी गाडी गल्लीत एकट्यानं उलटी आणली. बनाबाई सवयीनं पदर खोचून दारात आल्या होत्या. टुकटुक ऐकून तिथंच थांबल्या. यंत्र टूऽऽ म्हणालं, गाडी थांबली. बनाबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि आत गेल्या. पुन्हा त्या आवाजाला कधी बाहेर आल्या नाहीत.

यंत्राचं म्हणाल, तर सयाजींनी त्याच्यावर बारीक नजर ठेवली होती. बारीक गज असला तर ते गप्प राहायचं. मुसळधार पावसात कुणी नसताना वाजायचं. म्हैस आडवी आली की वाजायचं, आणि म्हैस ढिम्म हलायची नाही. मग वाजून वाजून तेच दमायचं. पहिल्या महिन्यात सयाजींचं मत झालं होतं, की हे खुळच आहे, भित्र्या माणसाचं खेळणं. पण एका संध्याकाळी गाडी मागं घेताना आरशात काही नव्हतं, मान वळवून बघितलं तरी काही नव्हतं, आणि यंत्र एकाएकी टूऽऽ करून किंचाळलं. ते उतरून मागं गेले. एक पोर बंपरला टेकून उकिडवं बसलं होतं, गाडीखाली गेलेली गोटी काढत.

पोर गोटी घेऊन पळाल्यावर सयाजी पुन्हा गाडीत शिरले. स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिले. यंत्र कामाचं होतं. ही गोष्ट घरात जाऊन सांगण्यासारखी होती, आणि सांगायचं जिला, तिला ती कशी ऐकू येईल हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत बनाबाई भावाच्या भातासाठी गेल्या.

म्हणजे आकारामचं पत्र आलं तेव्हा उत्तर त्यांच्याजवळ होतं. त्यांनी ते कितीदा लिहायला घेतलं. एकदा फायदे लिहिले, एकदा तोटे लिहिले, एकदा दोन्ही लिहून कोणते जड हे ठरेना. 'बसव' लिहिलं की वाटे, हे ती ऐकेल आणि म्हणेल, बघा, मला घालवून मशीन आणलं, आता भावालाही तेच शिकवतायत. 'नको' लिहिलं की ते गोटी काढणारं पोर डोळ्यांपुढं येई. कार्डं फाटत गेली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी माघात ते स्वतःच निघाले. पत्रात जमत नाही ते समोरासमोर बोलू, असं मनाशी म्हणत. समोरासमोर त्यांना आजवर कधी काही जमलं नव्हतं, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही.

*

वस्तीच्या अंगणात जीप वळत होती म्हणून सयाजींनी गाडी रस्त्यालाच लावली आणि चालत निघाले. उसाच्या पाल्याआडूनच त्यांना तो आवाज आला.

"येऊ दे… येऊ दे रं… डावीकडं काप… आरं तुझं डावं, माझं न्हवं… येऊ दे… होऽऽ!"

आणि 'हो'बरोबर जीप जागच्या जागी थांबली, खुंटीला बांधल्यासारखी. डिकीवर थाप पडली. कुणीतरी हसलं. बनाबाई हसल्या होत्या. सयाजी पाल्याआड उभे राहिले. घरी शेवटी ती कधी हसली होती ते त्यांना आठवेना. इथं तिला 'बास' म्हणावं लागत नव्हतं. इथं तिचा शब्द ज्याला समजायचा त्याला समजत होता.

जीप गोठ्याला नीट लागली नव्हती. आकारामनं ती पुढं घेतली, पुन्हा मागं घ्यायला लागला. बनाबाई मधोमध उभ्या, हात वर. तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं, त्यांच्या डाव्या हाताला, आकारामचा नातू राजवीर कोंबडीच्या पिल्लामागं दुडूदुडू आला. नुकताच चालायला लागलेला. तो बनाबाईंच्या इतक्या जवळून गेला, की हात खाली केला असता तर त्याच्या डोक्याला लागला असता.

"येऊ दे," बनाबाई म्हणाल्या. "येऊ दे, येऊ दे."

पिल्लू जीपच्या मागं गेलं, पोर पिल्लामागं गेलं. बनाबाई समोर बघत होत्या.

"येऊ दे."

सयाजींना वाटलं आपण 'थांबा' म्हणून ओरडतोय. पण छातीतून आलं ते वेगळंच, चाळीस-पन्नास वर्षं गाडून ठेवलेलं.

"होऽऽ! होऽऽ!"

जीप थांबली. पोर मागच्या चाकाला हात लावून उभं होतं, पिल्लू दुसरीकडून पळालं म्हणून रडायला आलेलं. आतून सून धावली, पोराला उचललं, पाठीत एक धपाटा घातला. आकाराम उडी मारून खाली आला. इंजिनाच्या घरघरीत कुणाचा आवाज कुठला, हे त्याला कळलं नव्हतं. तो बहिणीकडे बघून म्हणाला, "वाचलं गं ताई! तू व्हतीस म्हनून वाचलं बघ पोर." मग त्याला सयाजी दिसले. "आरं! दाजी! या या या. बघितलं न्हवं? ताईचं ध्यान बघितलं? आनि मी खुळा मशीन बसवू काय म्हनून तुमाला इचारतोय."

बनाबाई सयाजींकडे बघत होत्या. मान थोडी डावीकडे वळवून, उजव्या डोळ्यानं, जशी कोंबडी बघते तशी.

जेवताना आकारामनं तोच विषय काढला. "मग दाजी, सांगा की आता. आलाय तर सांगूनच जावा. मशीन पायजे का न्हाय?"

बनाबाई तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत खाली बघत राहिल्या. उलटली, पुन्हा खाली बघितलं.

"मी… पत्रानं कळवतो," सयाजी म्हणाले.

सगळे हसले. "पत्रानं? ताटाला ताट लावून बसलाय की वो आमच्या!" आकाराम म्हणाला. "मागल्या पत्राचं उत्तर घेऊन तुमीच आलाय, आता ह्याचं उत्तर वर्षानं येतंय बघा."

*

सकाळी निघताना बनाबाई त्यांना गाडीपर्यंत सोडायला आल्या. हातात ताकाची बाटली होती, ती त्यांनी मागच्या सीटवर ठेवली.

"डोळ्याला काय झालंय?" सयाजींनी विचारलं.

"कुनाच्या?"

"तुझ्या. डाव्या."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "दही सारवल्यागत दिसतंय जरा. उनात लई."

"मोतीबिंदू असेल. घरी चल, कोल्हापुरात दाखवू. साधं असतं हल्ली."

"घरी येऊन काय करू? मागं उभं राहायला तुमचं मशीन हाय की."

"तसं नाही. अंबूबाईही विचारतात तुला."

"काय इचारत्यात? हो म्हंजे काय म्हनून?"

सयाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काल तुमच्या तोंडातनं काय आलं ते ऐकलं मी," बनाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्या आवाज चढवत नसत तेव्हाच भीती वाटे. "पोराच्या टायमाला. म्हंजे ठावं होतं तुमाला."

"मी विसरलो होतो, बना. त्या दिवशी खरंच…"

"काल बरं आठवलं?"

"काल… घाबरलो म्हणून."

"मीबी घाबरल्यालीच की त्या दिवशी." त्या थोडं थांबल्या. "आनि बाहेर येऊन बोल्लात, तवा तरी आठवायला काय झाल्तं? समदी गल्ली हुबी होती म्हनून विसरलासा तुमी."

वरून एक एसटी आली आणि धूळ उडवत कोल्हापूरच्या बाजूला उतरून गेली.

"आकारामला सांगनार काय? डोळ्याचं?"

सयाजींनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"सांगा की," बनाबाई म्हणाल्या. "हिला दिसत न्हाय. तेबी तीनच शब्द हाईत."

आणि त्या मागं वळल्या. अंगणात आकाराम जीप काढत होता. त्यांनी चालता चालताच पदर खोचला.

सयाजींना गाडी वळवायची होती. ती मागं घेताना यंत्र उसाच्या पाल्याला बघून टुकटुक करत राहिलं.

*

कोल्हापुरात परत आल्यावर त्यांनी कार्ड समोर घेतलं, आणि या वेळी फाडलं नाही. त्यांच्यापुढं आता शंका नव्हती, हेच वाईट होतं. ते पोर पुन्हा पिल्लामागं धावणार होतं. आणि दर वेळी कुणी सयाजी पाल्याआड उभा नसणार. यंत्र बसायलाच हवं होतं. आणि यंत्र का बसायला हवं याचं खरं कारण लिहिलं, तर ती त्या अंगणातूनही उठणार होती. तिला तिथं जे मिळालं होतं ते दुसऱ्यांदा, त्याच माणसाकडून, जाणार होतं. खरं कारण वगळून दुसरं खरं कारण द्यायचं, तर तसं त्यांच्याजवळ एकच होतं. ते त्यांनी वर्षं दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

त्यांनी लिहिलं,

'चि. आकारामास आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. जीपला मागचं यंत्र बसवून घे. अंगणात लहान मूल आहे आणि जीपची मागची काच उंच आहे. मागं उभ्या राहणाऱ्या माणसाचा भरवसा नाही म्हणून बसव, असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे अपघात झाला तेव्हा उभ्या राहिलेल्या माणसानं वेळेवर आणि बरोबर सांगितलं होतं. हो म्हणजे थांब, हे मलाही ठाऊक होतं. चूक ऐकणाऱ्याची झाली. उद्या जीप दुसऱ्या कुणी चालवली तर त्याचंही तसं होईल, म्हणून यंत्र असावं. सौ. बनास आशीर्वाद.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'सौ. बनास आशीर्वाद' हे वाचताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण कार्डावर जागा संपली होती, आणि दुसरं काय लिहितात ते त्यांना येतही नव्हतं. डोळ्याबद्दल त्यांनी लिहिलं नाही. म्हणजे डोळा तसाच राहणार होता. हेही त्यांना कळत होतं.

पुढं काय होईल तेही त्यांना दिसत होतं. आकाराम अंगणात उभा राहून कार्ड मोठ्यानं वाचेल, तशी त्याची पद्धतच आहे. 'यंत्र बसवून घे' हे पहिल्याच ओळीत येईल. बनाबाई ते ऐकतील, आणि हातातलं काम तसंच टाकून आत जातील. पुढच्या ओळी आकाराम कुणाला वाचून दाखवेल? ओळींचा क्रम बदलावा असं त्यांच्या मनात आलं. पण मग ते कार्डही या आधीच्या कार्डांच्या वाटेनं गेलं असतं, म्हणून ते तसंच उठले आणि चपला घातल्या.

अंबूबाई आपल्या दारात वॉकरला धरून उभ्या होत्या. पाट आता आतच असे.

"कुनाला वो पत्र, सर?"

"आकारामला. गाडीचं आहे… त्याच्या जीपचं."

"बना येतीया का न्हाय?"

"माहीत नाही."

अंबूबाईंनी वॉकर जरा पुढं सरकवला आणि आवाज खाली आणला. "तिला म्हनावं ये. माझा राग न्हाय तिच्यावर. चुकून हो म्हनली असंल, काय व्हतंय? मानूस चुकतंयच की. एवढं माझं कळवा तिला."

कार्ड सयाजींच्या हातात होतं, अक्षरांची बाजू वर. अंबूबाईंना वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला चार ओळी होत्या, आणि गल्लीत त्या वेळी दुसरं कुणीही नव्हतं.

"हो," सयाजी म्हणाले.

आणि ते कोपऱ्यावरच्या पेटीकडे चालू लागले. मागं वॉकरचा खटखट आवाज घरात जाईपर्यंत ऐकू येत होता. पेटीच्या तोंडाला कार्ड जरा अडकलं. त्यांनी ते बोटानं आत ढकललं.